आमच्याकडे बाबा घोरतात

लग्नानंतर सासुरवाडीला पहिला मुक्काम केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मला स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं आणि दबक्या आवाजात बजावलं, "हे बघ, आमच्याकडे बाबा घोरतात. लक्षात ठेव."

"अगं, पण आवाज तर..."

"बाबा घोरतात," ती म्हणाली आणि चहाचा कप माझ्या हातात कोंबून निघून गेली.

आता मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुका ऐकणं हाच माझा धंदा. क्लच अर्धवट सोडलाय की गिअर रडतोय, हे मला डोळे मिटून कळतं. त्यामुळे भिंतीपलीकडे रात्रभर चाललेला आवाज कोणाच्या गळ्यातून येत होता, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मालाने भरलेला ट्रक घाट चढावा तसा तो आवाज चढत जायचा, आणि ऐन माथ्यावर बंद. एकदम बंद. ऐकणाऱ्यानेच श्वास रोखून धरावा इतका बंद. मग पलंगाची करकर, एक दणदणीत घुरका, आणि ट्रक पुन्हा पायथ्यापासून निघालेला. तो आवाज शंभर टक्के सासूबाईंचा होता.

आणि नाश्त्याच्या टेबलावर त्याच सासूबाई माझ्याकडे दिलगिरी व्यक्त करत होत्या. "झोप झाली ना हो जावईबापू? ह्यांच्या घोरण्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मला आता सवय झाली."

"हो, ते आपलं माझं आहेच," असं पुटपुटत सासऱ्यांनी मान खाली घातली आणि टोस्टला लोणी लावू लागले. मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे वटारले. मी मूग गिळून बसलो, आणि अशा रीतीने मीही त्या घरचा झालो.

या सगळ्याचं मूळ मला पुढे बायकोच्या आत्याने सांगितलं. सासूबाई नवी नवरी असताना नात्यातल्या कुठल्याशा लग्नाला सगळी मंडळी एका मोठ्या हॉलमध्ये झोपली होती. सकाळी उठल्यावर एकच विषय. रात्रभर लाकडाची वखार कोणी चालवली? चुलत्यांनी नक्कल करून दाखवली, पोरं हसून लोळली, आणि एकेकाची नजर नव्या सुनेकडे वळायला लागली. तिला बिचारीला काही माहीतच नव्हतं. तिचा चेहरा असा उतरला की आत्या म्हणते, आता रडणार असं वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यात दात घासत उभे असलेले सासरे तोंडातला फेस सावरत पुढे आले आणि ब्रश वर करून म्हणाले, "मी. माझं लहानपणापासून आहे ते." आत्या त्यांची सख्खी बहीण. त्यांच्या लहानपणाचं तिला चांगलं ठाऊक होतं. तीही गप्प बसली.

तेव्हापासून आमच्याकडे बाबा घोरतात.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण सासूबाई शिवणक्लास चालवतात. वाकडी टीप दिसली की उसवून सरळ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि नवरा घोरतो म्हटल्यावर त्यांनी तो सरळ करायला घेतला. मिठाच्या गुळण्या झाल्या. नाकात थेंब झाले. दोन उशा झाल्या, बिनउशीचं झोपून झालं. शेवटी कुठेतरी वाचून त्यांनी सासऱ्यांच्या प्रत्येक बनियनच्या पाठीवर एक खिसा शिवून त्यात रबरी चेंडू बसवला, म्हणजे माणूस उताणा झोपूच शकत नाही. शिलाई अशी पक्की की बनियन विरून गेलं तरी चेंडू जागचा हलायचा नाही. सासऱ्यांनी सगळे उपाय निमूटपणे करून घेतले. आवाज अर्थातच कमी झाला नाही, आणि सासूबाई ओळखीपाळखीत सांगत राहिल्या, "आमच्या ह्यांना काही म्हणून लागू पडत नाही."

बरं, संशयाला जागा नव्हती. सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. तिथे कधीही जा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि स्वारी गाढ झोपलेली. गिऱ्हाइकं सुद्धा हळूच काउंटरवर टकटक करायची. बँकेच्या रांगेत ते उभ्या उभ्या झोपत. माझ्या गाडीत बसले की सीटबेल्टचा आवाज होईपर्यंत मान कलंडलेली. रात्री घोरणाऱ्याला दिवसा झोप येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीही डोक्याला फार ताण दिला नाही. मला वाटायचं, आपल्या सासऱ्यांचा स्वभावच झोपाळू.

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या पोटात जळजळ सुरू झाली आणि काही केल्या थांबेना. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने आतून बघूया. तोंडावाटे एक बारीक नळी पोटात घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "मला झोपवून करा. मी जागी असताना नळीबिळी गिळणार नाही." डॉक्टर म्हणाले, गुंगीचं इंजेक्शन देऊ, काही कळणारसुद्धा नाही.

बायको नेमकी कामासाठी बाहेरगावी. त्यामुळे दोघांना घेऊन जायचं माझ्याकडे आलं. निघताना फोनवर तिने चार सूचना दिल्या. आईला पाणीसुद्धा देऊ नकोस, फाइल विसरू नकोस, बाबांना गाडीत झोपू दे, आणि तू डॉक्टरांसमोर अक्कल पाजळू नकोस.

तपासणीच्या खोलीबाहेर एक लहानशी खोली होती. एक कॉट, वजनकाटा, भिंतीवर पोटाचं गुलाबी चित्र. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. बुटक्याशा, डोक्याला फुलाफुलांची टोपी, आणि बोलणं असं भराभर की मला त्या एकदम आवडल्या. त्यांनी सासूबाईंना आ करायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरीने घसा पाहिला. मग खिशातून टेप काढून त्यांची मान मोजली.

"ब्लाउज शिवताय की काय?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्यासमोर माझी काय हिंमत, काकू." त्या हसल्या. "घसा जरा अरुंद आहे तुमचा. रात्री घोरता का?"

"मी? छे! हे घोरतात."

माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ माणूस खांबाच्या दिशेने निघाला की माझा पाय असाच ब्रेकवर जातो. फक्त गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, आणि इथे होती नुसती फरशी.

"सकाळी उठल्यावर डोकं दुखतं?"

"दुखणार नाही तर काय? रात्रभर ह्यांचं घोरणं."

"मधेच दचकून जाग येते?"

"येते ना. ह्यांच्या कोपराने येते. झोपेत ढोसतात हो मला. स्वतः घोरायचं आणि वर दुसऱ्याला ढोसायचं!"

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला बारीक आठी पडली. त्यांनी सासऱ्यांकडे मोर्चा वळवला. "काका, तुम्ही सांगा बघू. काकू घोरतात?"

सासऱ्यांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांचं पाठांतर होतं ते, क्षणाचाही विलंब लागला नाही. "नाही नाही. मीच घोरतो. माझं लहानपणापासून आहे ते."

"असं?" बाई म्हणाल्या आणि फाइलमध्ये काहीतरी लिहायला लागल्या. तेवढ्या अवकाशात सासऱ्यांची मान छातीवर आली. झोपले. स्टुलावर, पाठीला टेकू नसताना.

"बघितलंत?" सासूबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या.

मग बाईंनाही पटलं. पटणारच, डोळ्यांसमोर पुरावा डुलक्या घेत होता. त्यांनी सासऱ्यांच्या खांद्याला हात लावून जागं केलं आणि त्यांनाच चांगलं फैलावर घेतलं. "काका, हे थट्टेवारी नेऊ नका. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. मग शरीर घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतं आणि श्वास सुरू होतो. रात्रभर हेच. तपासून घ्या. आणि कधी तुमची अशी तपासणी करायची वेळ आली, तर आधी सांगा बरं का. आमच्या औषधाने घसा आणखी सैल पडतो, आणि ते जे दचकून जागं होणं असतं ना, तेच आम्ही बंद करतो. श्वास अडला की माणूस उठतच नाही. आम्हाला माहीत असलं तर आम्ही औषध बेताने देतो, सगळी तयारी हाताशी ठेवतो. माहीत नसलं तर पंचाईत होते. आज तुमच्याऐवजी काकू आहेत म्हणून मी निर्धास्त आहे."

सासऱ्यांची झोप साफ उडाली. इतके जागे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. चेहरा पांढराफटक.

"चला काकू," बाई म्हणाल्या. सासूबाई उठल्या, हिरवा गाऊन सावरला, गाऊनची शिवण उलटीकडून बघून नाक मुरडलं, आणि आत गेल्या. दार मिटलं.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. सासरे म्हणाले, "जावईबापू, ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं."

"माहीत असलं तर बेताने देतात म्हणाल्या."

"बाबा, तुम्ही सांगता की मी सांगू?" मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू. एका घुरक्यापायी अख्खं घर नाटक करतंय, आणि आता नाटकाच्या तिसऱ्या अंकात खरं इंजेक्शन आलंय. "आत्ता सांगायला हवं. सुई टोचल्यावर नाही."

"अहो, पण तिथे सिस्टर आहेत, डॉक्टर आहेत. परक्या माणसांसमोर तिला..." त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग बसवणारे हात. "तिला वाईट वाटेल हो. तेवढं एकच तर मी तिला कधी वाटू दिलं नाही."

मी उठलो. त्यांनी माझी बाही धरली. "नको. तुमच्या तोंडून कळलं तर तिला जास्त लागेल. मीच सांगतो."

आणि हा माणूस, जो रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना तीनदा बघतो, तो सरळ 'आत प्रवेश नाही' लिहिलेल्या दारातून आत घुसला. सिस्टर ओरडली, "अहो आजोबा, बूट!" तर घाईघाईने एक बूट काढला, दुसरा निघेना, आणि एका पायात बूट, एका पायात मोजा असे ते आत पोचले. मी मागोमाग, त्यांचा बूट हातात घेऊन.

सासूबाई डाव्या कुशीवर झोपल्या होत्या. बोटाला चिमटा, नाकाला प्राणवायूची नळी. डॉक्टरीणबाईंच्या हातात दुधासारख्या पांढऱ्या औषधाची सिरिंज होती.

"थांबा!" सासरे म्हणाले. "मी घोरत नाही."

सगळे थांबले.

"मी खोटं बोललो. ही घोरते. आणि थांबते. खूप वेळ थांबते. मग मी ढोसतो, तेव्हा सुरू होते."

सासूबाई कोपरावर उठल्या. "काय म्हणालात?"

"अगं..."

"मी घोरते?"

"हो."

"कधीपासून?"

सासऱ्यांनी पायातल्या मोज्याकडे पाहिलं. "लग्नापासून."

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. सिस्टर टाइल्स बघत होती, पोटाचे डॉक्टर त्यांच्या नळीकडे, आणि मी हातातल्या बुटाची नाडी सोडवत होतो. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तुम्हालाही माहीत होतं?"

"आई, मी... पहिल्या मुक्कामापासून."

त्यांचा चेहरा उतरला. आत्याने सांगितला होता तसाच असणार तो, कारण सासऱ्यांना बघवेना, त्यांनी मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि एक मोठा श्वास सोडला. "काका, हे मघाशी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मानेचं माप मला काहीतरी सांगत होतं, आणि मी तुमच्या डुलकीवर विश्वास ठेवला." मग त्या सासूबाईंच्या उशाशी वाकल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, घोरणं म्हणजे काही बेशिस्त नव्हे. घसा अरुंद आहे, बस. आता ऐका. घशाला बधिर करणारा फवारा मारून जागेपणी करता येईल. नाहीतर अगदी थोडं औषध, थेंबाथेंबाने, आणि माझा हात सतत तुमच्या हनुवटीखाली. श्वास मोजायचं मशीन लावते. नंतर तुम्हाला लगेच घरी सोडणार नाही, पूर्ण जाग्या होईपर्यंत इथेच बसवून ठेवणार. काय करू?"

"जागेपणी नळी गिळणार नाही म्हटलंय ना मी," सासूबाई म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता, पण अट कायम. "थोडं द्या. आणि ह्यांना बाहेर काढा आधी."

आम्हाला बाहेर काढलं. जाताना सासूबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आपण घरी बोलू." सासऱ्यांनी हाय खाल्ली.

बाकावर बसलो. थोड्या वेळाने दारामागून ओळखीचा आवाज आला. ट्रक निघाला होता. हळूहळू, पण निघाला. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे दारावर खिळले होते आणि ओठ हलत होते, आकडे मोजल्यासारखे. ट्रक चढला, चढला, माथ्यावर आला. आणि बंद.

त्याच क्षणी माझ्या बरगडीत कोपर बसलं.

असं बसलं की मी कळवळलो. "बाबा!"

त्यांना पत्ताच नव्हता. त्यांचं लक्ष दाराकडेच होतं. आतून बाईंचा आवाज आला, "काकू, घ्या श्वास, हं, शाबास," आणि पाठोपाठ तो दणदणीत घुरका. सासऱ्यांचे खांदे खाली आले. दुसऱ्यांदा ट्रक थांबला तेव्हा मी सावध होऊन लांब सरकलो होतो, तरी कोपर आलंच. तिसऱ्यांदा मी सरकलो नाही. म्हटलं, बसू दे. कोणाला तरी ढोसल्याशिवाय त्या माणसाला चैन पडणार नव्हतं, आणि आज ज्यांना ढोसायचं त्या दाराआड होत्या.

तपासणी नीट पार पडली. पोटात छोटासा व्रण होता, गोळ्यांनी बरा होईल म्हणाले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सासऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. "थांबत होता हो श्वास. एवढ्याशा औषधाने सुद्धा. हनुवटी उचलली की सुरू व्हायचा. हात तिथेच होता म्हणून निभावलं. नेहमीचा डोस गेला असता तर माझी धावपळ झाली असती." मग म्हणाल्या, "झोपेची तपासणी करून घ्या त्यांची. रात्री लावायचं श्वासाचं मशीन मिळतं. आणि आज दिवसभर त्यांना आडवं झोपू देऊ नका, बसवून ठेवा, कोणीतरी सोबत असू द्या."

गाडीत बसलो. सासूबाई पुढे माझ्या शेजारी, सासरे मागे. विशेष म्हणजे ते झोपले नाहीत. आरशात दिसत होते, ताठ बसलेले, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसवलेल्या पोरासारखे.

घरी आल्यावर सासूबाई हातवाल्या खुर्चीत बसल्या. समोर शिलाई मशीन, शेजारी कापडाचे तुकडे, भिंतीवर सासऱ्यांनी दुरुस्त केलेलं मोठं घड्याळ. मी कोमट दूध आणून दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि सुरुवात केली.

"गुळण्या केल्यात तुम्ही?"

"केल्या."

"नाकात थेंब?"

"घातले."

"आणि तो चेंडू? पाठीला चेंडू लावून झोपायचात तुम्ही, काही होत नसताना?"

"झोपायचो कुठे," सासरे म्हणाले. "बसायचो. त्यामुळे फारसा टोचला नाही."

सासूबाईंनी हळूच विचारलं, "बसायचात म्हणजे?"

"अगं, तू थांबतेस ना. मग सुरू होईपर्यंत बघायला नको? सुरू झालीस की माझा जरा डोळा लागतो. तेवढ्यात परत थांबतेस." ते अगदी सहज सांगत होते, दुकानात किल्ली द्यायला उशीर झाला असं सांगावं तसं. "चालू घड्याळाने मी उठत नाही. बंद पडलं की मला जाग येते."

"आणि दुकानात झोपता ते?"

"दुकानात तू नसतेस. मग झोप लागते."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मला झोपाळू सासरे मिळाले म्हणून मी मित्रांमध्ये किती विनोद केले होते! सासूबाई रडत होत्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. पदर डोळ्यांना लावून, आवाज न करता, खांदे हलत होते. सासरे घाबरून उठले आणि त्यांच्या खुर्चीभोवती नुसत्या फेऱ्या मारायला लागले.

"वेडे आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "ठार वेडे. एका दिवसाची लाज वाचवायला इतकी वर्षं? मी चारचौघांत तुमची अब्रू काढत फिरले, आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मला काही फरक पडत नव्हता ग. तुला पडला असता."

यावर सासूबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "शर्ट काढा."

"अं?"

"शर्ट काढा, बनियन काढा. इकडे द्या."

सासऱ्यांनी निमूटपणे दिलं. दिवसाउजेडी सुद्धा चेंडूवालं बनियनच अंगात होतं, सगळीच तशी होती ना. सासूबाईंनी छोटी कात्री घेतली. मी म्हटलं, "आई, आज कात्रीबित्री नको, अंगात औषध आहे अजून." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा खिडकी गाठली. त्या उसवू लागल्या. स्वतःचीच शिलाई, त्यामुळे वेळ लागला. शेवटचा टाका तुटला आणि चेंडू टपटप उड्या मारत मशीनखाली गेला.

"घाला. आणि झोपा आता. उताणे झोपा."

"पण तुला सोबत..."

"मी आज बसूनच राहायचं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. जावईबापू आहेत माझ्याकडे बघायला. झोपा म्हणते ना."

सासरे दिवाणावर आडवे झाले. आधी एक डोळा बायकोकडे ठेवून. मग तोही मिटला. ही काही दुकानातली डुलकी नव्हती. हातपाय सैल सोडून, तोंड उघडं टाकून, माणूस खरोखरचा झोपला.

आणि थोड्या वेळाने त्यांच्या नाकातून एक बारीक शीळ निघाली. मग गुरगुर. मग रीतसर, लयीत, जुन्या स्कूटरसारखा आवाज सुरू झाला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बघितलंत जावईबापू?" त्या अतीव समाधानाने कुजबुजल्या. "मी इतकी वर्षं काय सांगत होते?"

पण बोलता बोलता त्या पुढे सरकल्या, नवऱ्याच्या छातीकडे टक लावून, कोपर अर्धवट उचलून. स्कूटर चढली, उतरली, परत चढली. कुठेही थांबली नाही. तेव्हा त्यांनी कोपर खाली घेतलं.

तेवढ्यात बायकोचा फोन. "आई बरी आहे ना? झालं सगळं? बाबा कुठेत?" मी सांगायला लागणार, तोच ती म्हणाली, "अरे, हे मागे कोण घोरतंय?"

"बाबा," मी म्हटलं.

"शाबास," ती म्हणाली. "आईसमोर असंच सांगत जा."

मी फोन ठेवला. आवाज आता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येऊ देत नव्हता. "आई," मी हळूच विचारलं, "जरा कुशीवर वळवू का त्यांना?"

"हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या. "घोरू द्या."